बोलण्याआधी एक घोट पाणी

निमसेबाईंना मी पहिल्यांदा भेटले ती भांडायला. नगरच्या महाविद्यालयात मी एम.ए.ला होते आणि श्रीगोंद्याहून रोज एसटीनं यायचे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझी जीभ अजून नगरवरच जाते, त्याला माझा इलाज नाही.) मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बाईंनी माझी जोडीदार बदलून टाकली होती. जिवलग मैत्रिणीपासून तोडून मला वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीशेजारी बसवलं होतं. मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले, तोंड उघडलं आणि बाईंनी माझ्या हातात पाण्याचं फुलपात्र दिलं.

"आधी पाणी पी."

"मला तहान नाही, बाई."

"तहानेसाठी नाही देत. पी."

मी प्यायले. तोंडात पाणी असताना भांडता येत नाही, हा शोध मला तेव्हा लागला. फुलपात्र खाली ठेवलं तशा बाई म्हणाल्या, "आता सांग, मी असं का केलं असेल?"

मी हबकलेच. माझं म्हणणं मी रस्ताभर पाठ करत आले होते. बाईंचंही काही म्हणणं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "ती मुलगी एकटी पडते म्हणून?"

"हे अर्धं झालं. उरलेलं सावकाश सांग, घाई नाही," असं म्हणून त्या पेपर तपासायला लागल्या. उरलेलं अर्धं मला परतीच्या एसटीत सुचलं. मी जरा दुसऱ्याचं ऐकायला शिकावं, अशी बाईंची इच्छा होती. खिडकीशी बसून मला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बाईंचं कार्य, त्यांची मूल्यं आणि त्यांचा स्नेह यांबद्दल लिहायला सांगितलं आहे. ते मी लिहिणारच आहे. पण गेल्या वर्षभरात जे घडलं ते वगळून बाईंच्या पंचाहत्तरीवर मला चार ओळीही लिहिता येणार नाहीत. बाईंचीही तशी सक्त ताकीद आहे. "तू लिहिलं नाहीस तर मी व्यासपीठावरून सांगेन. आणि मी सांगितलेलं तुम्हाला परवडणार नाही." तेव्हा वाचकहो, दचकायची तयारी ठेवा. मी वर्षभर दचकतेच आहे.

आधी कार्याबद्दल. बाई मिरजगावच्या सून. महाविद्यालयात शिकवण्याचं काम निवृत्तीपर्यंत नगरला, पण घर आणि जीव मिरजगावात. त्या घराच्या अंगणात दर गुरुवारी लहान मुलं आणि त्यांच्या आया जमायच्या. गाणी, गोष्टी, खेळ आणि सगळ्यात शेवटी डब्याचा खेळ. शिर्डीच्या पेढ्यांचा एक रिकामा खोका बाईंनी जपून ठेवला होता. मुलाला विचारायचं, यात काय आहे? मूल डोळे चमकावून म्हणायचं, पेढे. मग खोका उघडायचा. आत चिंचोके! मूल हिरमुसायचं. खोका पुन्हा बंद करायचा आणि विचारायचं, "तुझी आजी बाहेर बसलीय, तिनं हा उघडलेला पाहिला नाही. तिला विचारलं तर ती काय म्हणेल, आत काय आहे?"

पाच-सहा वर्षांचं मूल खुदकन हसतं आणि म्हणतं, पेढे. आजीला फसवल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नाही. तीन वर्षांचं मूल छातीठोकपणे सांगतं, चिंचोके. जे मला माहीत ते सगळ्या जगाला माहीत. माझ्या स्वतःच्या भाचीनं असं उत्तर दिलं तेव्हा मी अवाक झाले होते. इतकी चुणचुणीत पोर, आणि आजीच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं हेच तिला कळू नये?

"कळत नाही, की थांबता येत नाही?" बाईंनी विचारलं.

हा बाईंचा आयुष्यभराचा प्रश्न. दुसऱ्याचं मन ओळखायचं तर आधी आपल्या मनातलं क्षणभर बाजूला ठेवावं लागतं. खरं काय ते लक्षातही ठेवायचं, ते बोलून टाकायची घाईही आवरायची आणि दुसऱ्याच्या बाजूला वळून पाहायचं. मनाच्या या आवरण्या-सावरण्याला पुस्तकात कार्यकारी क्षमता असं जड नाव आहे. बाई त्याला नुसतं 'लगाम' म्हणायच्या. त्यांचा संशय असा, की कित्येक मुलांना आजीचं मन कळलेलं असतं, पण 'चिंचोके' हा शब्द आधी सुटतो. म्हणून बाईंनी खेळात पाणी आणलं. प्रश्न विचारायचा, मुलाला घोटभर पाणी प्यायला लावायचं आणि मगच उत्तर घ्यायचं. माझ्या भाचीनं पाणी प्यायलं, फुलपात्राच्या काठावरून बाहेर बसलेल्या आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पेढे."

मी उडालेच! बाई मात्र शांत होत्या. "सगळ्यांचं असं होत नाही गं. काही मुलं तांब्याभर पाणी पिऊनही चिंचोकेच म्हणतात. पाण्यानं समज येत नाही. असलेली समज बाहेर यायला वाट मिळते, इतकंच."

ही युक्ती त्यांना सुचली ती सासूबाईंकडे पाहून. दारात कोणीही येवो, पाव्हणा, भांडायला आलेला भाऊबंद, नाहीतर मीटर वाचायला आलेला माणूस, सासूबाई आधी तांब्या-फुलपात्र पुढे करायच्या. पाणी पिऊन होईपर्यंत 'का आलात' हे विचारायचं नाही, असा घरचा नियम. तेवढ्या वेळात येणारा निवतो आणि आपल्याला त्याचा चेहरा वाचता येतो, असं सासूबाई म्हणायच्या.

चेहरा वाचण्यात बाईंचा हात कोणी धरू शकत नव्हतं. माझी आई गेली तेव्हा बाई श्रीगोंद्याला आल्या. आम्ही ख्रिस्ती, आणि दफनविधी त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. त्या मागे उभ्या राहिल्या, लोकांनी मूठभर माती टाकली तशी त्यांनीही टाकली. घरी आल्यावर सगळे माझ्या वडिलांना धीर देत होते आणि ते दगडासारखे बसून होते. बाई शेजारी बसल्या आणि विचारलं, "लिंबाला यंदा बहार कसा आहे?"

घरात काय झालंय आणि ह्या लिंबं काय विचारतात! पण वडील बोलायला लागले. "लिंबाचं काय सांगू बाई, पाऊस न्हाई, फूल गळतंय..." असं म्हणत म्हणत, कोणतं झाड आईनं लावलं होतं तिथपर्यंत आले आणि हमसून हमसून रडले. इतका वेळ त्यांना कोणी रडूच दिलं नव्हतं.

अशा या बाई. आणि आता गेल्या दिवाळीनंतरचं सांगते.

बाईंच्या मेंदूच्या पुढच्या भागात रक्ताची गाठ झाली. वेळेवर दवाखाना गाठला, हातपाय वाचले, बोलणं वाचलं, आठवण शाबूत राहिली. आम्ही देवाचे आभार मानले. मी भेटायला गेले तर बाई उशीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टर तपासत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचं लक्ष घड्याळाकडे आहे. तुम्हाला घरी जायचंय, माझं ऐकायचं नाही." डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग बाई माझ्याकडे वळल्या. "रूथ, या साडीत तू फार जाड दिसतेस."

मी मटकन खुर्चीत बसले. साडीचं सोडा हो. पण या बाईंच्या तोंडून, मी ओळखत असल्यापासून, विचार न करता एक शब्द गेला नव्हता! डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालीय. मनात येईल ते बोलतील. सांभाळून घ्या."

आम्ही सांभाळून घेतलं. बाईंचे चिरंजीव अभिजित पुण्यात असतात, ते दर आठवड्याला यायला लागले. बाईंना मात्र एकच ध्यास होता, गुरुवार. मुलं कधी येणार? अखेर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि अंगण पुन्हा भरलं. त्याच दिवशी घात झाला.

मनीषा नावाची एक आई आपल्या चार वर्षांच्या आरोहीला घेऊन यायची. (हे तिला विचारून लिहिते आहे. "लिवा की," असं म्हणाली.) आरोहीची वेणी घालत ती बसली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं म्हटलं, "तुला ही मुलगी नको होती. मुलगा हवा होता."

मनीषा पांढरीफटक पडली. तिनं अर्धी वेणी तशीच सोडली, पोरीला उचललं आणि निघून गेली. गावभर व्हायचा तो बोभाटा झाला. कोणी म्हणालं बाईंना वेड लागलं, कोणी म्हणालं आधीपासूनच आतून अशा होत्या. हे दुसरं ऐकून माझं डोकं इतकं फिरलं की मी त्या माणसाला भर रस्त्यात सुनावलं.

अभिजितनी निर्णय घेतला. आईला पुण्याला न्यायचं, घराला कुलूप, गुरुवार कायमचा बंद. पंचाहत्तरीचा सत्कारही घरच्या घरी, चार माणसांत. ते बोलण्यासाठी गौरव समितीची बैठक मिरजगावच्या घरातच झाली. आम्ही सगळे बाईंचे सहकारी नाहीतर विद्यार्थी, म्हणजे सगळे मानसशास्त्राचे जाणकार. अभिजित दारातून आत आले तेव्हाच बाई म्हणाल्या होत्या, "तुला माझी लाज वाटते." ते आत येऊन बसले.

आमचे जुने विभागप्रमुख समितीचे अध्यक्ष होते. (सर, रागावू नका, हे छापून येणार आहे.) ते हळू आवाजात म्हणाले, "दुर्दैव आहे. पण समोरच्याचं मन कळण्याची शक्तीच गेली असेल तर मुलांमध्ये त्यांना कसं बसवायचं?"

अभिजित उठले. फळीवरून तोच पेढ्यांचा खोका काढला. लहानपणी हा खेळ पहिल्यांदा त्यांच्यावरच झाला होता. त्यांनी आईसमोर खोका उघडला, चिंचोके दाखवले, बंद केला. "आई, बाहेर गाडीपाशी ड्रायव्हर उभा आहे. त्यानं हा उघडलेला पाहिला नाही. तो काय म्हणेल, यात काय आहे?"

"चिंचोके," बाई म्हणाल्या.

ज्यांनी हा खेळ मांडला त्याच त्यात हरल्या! सरांनी मान खाली घातली. अभिजितनी खोका मांडीवर ठेवला आणि त्याकडे बघत राहिले. संपलंच सगळं, असं मलाही वाटलं.

आणि मग मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला हात तोंडावर दाबून धरला होता. डोळे भरले होते. शब्द सुटल्या क्षणी त्यांना तो चुकल्याचं कळलं होतं. नुसता शब्द आधी निसटला होता!

"अहो, पाणी कुठाय?" मी अशी ओरडले की सर दचकले. "या घरात आज कुणी कुणाला पाणी दिलं का? आल्या आल्या थेट चहा! आणि बाईंना विचारताना? तीन वर्षांच्या पोराला आपण पाणी दिल्याशिवाय विचारत नव्हतो, आणि बाईंना असंच विचारलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आयुष्यभर बाईंकडून एकच गोष्ट शिकलेली ही मंडळी, आणि नेमकी तीच विसरली! मी स्वयंपाकघरातून तांब्या-फुलपात्र आणलं. बाईंनी घोट घेतला, गिळला, क्षणभर दाराबाहेर पाहिलं. "पेढे," त्या म्हणाल्या.

सरांनी घसा साफ केला. "दुसऱ्यांदा विचारल्यावर कोणीही दुरुस्त करेल."

मला सरांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण बाईंनी आणखी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे सर तुमचं. मी तुमच्या जागी असते तर मीही मान्य केलं नसतं." मग त्या अभिजितकडे वळल्या. पुन्हा पाणी प्यायल्या. "मघाशी मी म्हटलं, तुला माझी लाज वाटते. ते अर्धं होतं. उरलेलं असं, की लोक मला हसतील आणि तेव्हा तू इथं नसशील, याची तुला भीती वाटते."

अभिजित खाली आईच्या पायांपाशी बसले. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडत होता. "लाज वाटली, आई. खरंच वाटली. आणि भीती त्याहून जास्त वाटते."

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. पुरावा हवा का, असं मी त्यांना विचारणार होते, पण मीही तेवढ्यात पाणी प्यायले.

अभिजितनी एकच अट घातली. जिचं मन दुखावलं तिनं हो म्हटलं, तरच गुरुवार सुरू होईल. नाहीतर आई पुण्याला. हे न्यायाचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाई मनीषाच्या घरी गेलो. ती दारात धान्य निवडत होती. बाईंना पाहताच तिनं ओठ आवळले. सूप तसंच टाकून ती आत निघून गेली. आता दार लागणार, असं मला वाटलं. तर ती बाहेर आली ती हातात तांब्या-फुलपात्र घेऊन! तोंडातून अवाक्षर नाही, नजर जमिनीवर, पण पाणी पुढे केलेलं. एवढा राग मनात धरूनही तिच्या हातांनी रीत सोडली नव्हती.

बाई सगळं फुलपात्र प्यायल्या. मग म्हणाल्या, "मनीषा, तुझ्या मनातलं मी चारचौघांत मांडलं. ते तुझं होतं. सांगायचं की नाही, हे तू ठरवायचं होतंस. माझं चुकलं."

मनीषा पदराशी चाळा करत उभी राहिली. "खोटं न्हवतं बाई," ती म्हणाली. "ती झाली तवा लई रडले मी. सासरचं बी लई बोलले. पन आता न्हाई. आता ती डोळ्याम्होरं नसली तर मला घास उतरत न्हाई. तुमाला माज्या मनातलं समदं दिसतं, मग ह्ये दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "तू वेणी घालत होतीस तेव्हा तिला ओढ बसू नये म्हणून केसांच्या मुळाशी बोट धरत होतीस. तेही दिसलं होतं. पण जे आधी तोंडाशी आलं ते बाहेर पडलं."

मनीषाचे डोळे वाहायला लागले. मी तर कधीच रडत होते. अखेर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "मंग बाई, आदी पानी पीत जा की तुमी!"

बाई हसल्या. मनीषाही हसली. दाराआडून आरोही हे सगळं ऐकत होती, ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गुरुवारी ती आईच्या आधी पळत आली. बाईंच्या शेजारी बसली आणि समोरचं फुलपात्र दोन्ही हातांनी धरून ठेवलं. डब्याचा खेळ झाला. तिची पाळी आल्यावर, पाणी प्यायच्या आतच ती ओरडली, "चिंचोके!" सगळ्या बायका हसल्या. एवढ्यात एक आजी अंगणात शिरल्या. बाईंना रस्त्यात वेडी म्हणणाऱ्यांत ह्या पुढे होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, श्वास घेतला, ओठ उघडले आणि आरोहीनं फुलपात्र त्यांच्या ओठांना लावलं.

"बाई, आदी पानी."

बाई प्यायल्या. मग आजींना म्हणाल्या, "या, बसा. ऊन फार आहे."

मी सुन्न होऊन त्या पोरीकडे पाहत राहिले. जिला स्वतःचे चिंचोके आवरत नाहीत, तिला पंचाहत्तरीच्या बाईंचा शब्द कुठल्या क्षणी सुटणार हे बरोब्बर कळलं होतं! आता यात समज आधी की लगाम आधी? मी बाईंना विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याहून मोठा धक्का होता, पण कसा आनंदानं फुललेला. "रूथ," त्या म्हणाल्या, "मी आजवर मुलांना एकेकटंच बसवून विचारत आले. एकाचा लगाम दुसऱ्याच्या हातात असू शकतो, हे मी कधी विचारलंच नाही. आता नव्यानं सुरुवात करायला हवी."

पंचाहत्तराव्या वर्षी, एवढ्या दुखण्यातून उठून, ही बाई नव्यानं सुरुवात करायला निघाली आहे! काही दिवस बरे जातात, एखाद्या दिवशी पाणीही कामाला येत नाही आणि कोणाला तरी लागेल असं काही निसटतं. मग बाई स्वतः उठून त्या माणसाच्या दारात जातात. गुरुवार चालू आहे. अभिजित आता बुधवारीच येतात आणि अंगणात सतरंजी घालतात.

हा लेख मी बाईंना वाचून दाखवला. संपल्यावर त्यांनी तोंड उघडलं, थांबल्या, हात पुढे करून फुलपात्र घेतलं, सावकाश घोट घेतला, गिळला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "लेख चांगला झालाय. पण त्या साडीत तू जाडच दिसतेस."

बाई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो. तुमचं अंगण मुलांनी भरलेलं राहो आणि तुमच्या शेजारी फुलपात्र धरून बसणारं कोणी ना कोणी नेहमी असो. आम्हाला अजून पुष्कळ वर्षं तुमच्यामुळे दचकायचं आहे. सत्काराच्या दिवशी मी तीच साडी नेसून पहिल्या रांगेत बसणार आहे. पाणी पिऊन झालं, की जे म्हणायचं असेल ते खुशाल म्हणा.